आतून लावलेलं कुंकू

गावाच्या तोंडाशी, जिथून रिक्षा ठाकुर्ली स्टेशनकडे वळतात, तिथे मितेश केणेचा बॅनर लागला. एक बाजू विजेच्या खांबाला, दुसरी नारळाच्या झाडाला बांधलेली. चेहरा मितेशचा होता. खालचं अंग दुसऱ्या कुणाचं तरी होतं, कारण मितेशकडे असला पांढरा कोट नव्हता आणि इतके रुंद खांदे तर नव्हतेच. डोळ्यांवर काळा गॉगल. मागे एक रॉकेट, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि एक सिंह.

"सिंह कशाला?" मितेशने विचारलं.

"सिंह मी सगळ्यांना टाकतो," कमलेश म्हणाला. कमलेश म्हणजे मितेशचा चुलतभाऊ, गावच्या क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. गावातले सगळे बॅनर तोच बनवतो. "तुला नाही टाकला तर लोक बोलतील, भावाभावात कायतरी झालंय."

मजकूर असा होता: 'ऑक्सिजनमध्ये नवीन उजेड शोधून काढल्याबद्दल आमचे लाडके युवा शास्त्रज्ञ मा. श्री. मितेशदादा केणे यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली गोलगोल चौकटींत शुभेच्छुक. प्रत्येकाच्या कानाला मोबाइल, जणू सगळे एकमेकांनाच ही बातमी सांगत होते.

बॅनरमध्ये चूक एकच होती. नवीन उजेड वगैरे काही नव्हता. जे दिसलं होतं ती घाण होती. घाण मितेशने केली होती, आणि तिच्यापायी प्रीतम घाग नावाच्या निर्दोष माणसाचं डोकं भादरलं गेलं होतं.

हे कसं झालं ते आता सांगतो.

मितेश ठाण्याच्या एका कॉलेजात पीएचडी करतो. आपण काय करतो हे घरी सांगायला त्याने एक वाक्य बसवून ठेवलंय: ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनने मारायचं आणि तो किती ओरडतो ते मोजायचं. फक्त हे ओरडणं उजेडाचं असतं. हा उजेड जांभळ्याच्या पलीकडचा, अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. शिवाय हवेला तो इतका आवडतो की ती त्याला वाटेतच गिळून टाकते. म्हणून एक मोठा स्टीलचा डबा घ्यायचा, त्यातली सगळी हवा पंपाने उपसायची, मग शुद्ध ऑक्सिजन चिमूटभर आत सोडायचा, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारायचा आणि येणाऱ्या उजेडात कुठली रेषा किती जोरकस आहे ते मोजत बसायचं.

"आन हे कोनाला पायजे?" मितेशच्या वडिलांनी, काळुरामने, एकदा विचारलं होतं.

"गुरूचा एक चंद्र आहे, त्याच्यावर ऑक्सिजनची विरळ हवा आहे. तिथे असाच उजेड पडतो. ताडून बघायला त्या लोकांना आपला आकडा लागतो."

"चंद्रावरचे लोकांना?"

"नाही, दुर्बिणीवाल्यांना."

काळुराम जरा निराश झाले. पण ते तरी काय करणार. गावातली मितेशच्या वयाची पोरं घरच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांची भाडी गोळा करत होती, लग्न करत होती, बुलेट घेत होती. आणि मितेशचा मामा दर लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मोठ्याने विचारायचा, "दाजी, तुमचा पोरगा अजून शालेत जातो काय?" त्यामुळे काळुराम रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे आणि विचारायचे, "काय रं, दिसला काय उजेड?" जणू पोरगा विहीर खणतोय आणि पाणी कधीही लागेल.

डबा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बनवून घेतला होता. तो कारखाना एरवी सॉसच्या टाक्या बनवायचा. त्यांनी डब्याला खाली एक नळ फुकट बसवून दिला होता, धुवायला बरं पडतं म्हणून. निर्वात डब्याला नळ म्हणजे पाणबुडीला खिडकी. तो वेल्डिंग करून बंद करावा लागला. डबा इतका मोठा की झाकण उघडून माणूस कमरेपर्यंत आत वाकू शकतो. इतका मोठा का, तर ऑक्सिजनच्या एका रेषेमुळे. मितेशच्या गाइड डॉ. कृतिका आपटे नव्या मुलांना हे नेहमी समजावून सांगत.

"दोन रेषा आपल्या कामाच्या. एक १३०.४ नॅनोमीटरची. तिचा अणू मार बसला की तिथेच, त्याच क्षणी चमकतो. दुसरी १३५.६ची. तिचा अणू मार खातो आणि गप्प राहतो. तसाच गप्प दूर जातो आणि मग कुठेतरी भिंतीजवळ जाऊन चमकतो. डबा लहान असेल तर तो चमकण्याआधीच भिंतीवर आपटतो आणि आपल्याला वाटतं, याला काही झालंच नाही."

आपटे मॅडम नौपाड्यात राहतात आणि कॉलेजात चालत येतात. त्यांचा एकच नियम: डब्याच्या आत उघडा हात घालायचा नाही. बोटाचा एक ठसा म्हणजे तेल, तेल म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे महिनाभराचं वाटोळं. हातमोजे घालायचे. आत काहीही लावायचं नाही, ठेवायचं नाही, विसरायचं नाही.

डब्यावर दोघं जण काम करायचे, मितेश आणि प्रीतम. प्रीतम कळव्याचा, मूळचा चिपळूणकडचा. स्वभावाने इतका गरीब की रिक्षाच्या रांगेत मागच्याला पुढे जाऊ द्यायचा आणि मग तासभर रांगेतच असायचा. त्याची ओळख म्हणजे त्याचे केस. दाट, काळे, मागे वळवलेले. गावाहून आजी घाण्याचं खोबरेल पाठवायची आणि तो ते दर रविवारी निष्ठेने लावायचा. प्रयोगशाळेत चकाकणाऱ्या वस्तू दोनच, एक डबा आणि दुसरं प्रीतमचं डोकं.

तर दसरा आला. कॉलेजाला सुट्टी, पण यंत्रांची पूजा दरवर्षी प्रयोगशाळेत व्हायचीच. पंपांना झेंडूच्या माळा, कॉम्प्युटरला हळदकुंकू, डब्याला बाहेरून एक स्वस्तिक. ते मॅडम स्वतः काढायच्या. नेमकं त्या दिवशी इलेक्ट्रॉन सोडणारी तार बदलायची होती, म्हणून डबा उघडाच होता.

सकाळी निघताना मितेशच्या हातात आईने, मालनने, एक छोटी डबी दिलेली. गावदेवीच्या पायाचं कुंकू, खोबरेलात कालवलेलं.

"मशीनीला लाव. आतून लाव."

"आतून कशाला?"

"तिजोरीला कुंकू आतून लावतंत ना. भायेरून लावलेलं लोकांना दिसतं. आतून लावलेलं देवीला दिसतं."

यावर पीएचडीच्या कुठल्याही टप्प्यावर उत्तर शिकवत नाहीत. मॅडम पेढे आणायला खाली गेल्या, प्रीतम माळा बांधत होता, आणि मितेशने अनामिकेवर एवढंसं कुंकू घेऊन झाकणाच्या आतल्या अंगाला एक टिकली लावली. विश्वास होता म्हणून नव्हे. घरी गेल्यावर आई विचारणार, आणि आईशी खोटं बोललं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मग झाकण बंद झालं, पंप सुरू झाले, पेढे वाटले गेले, आणि मितेश ते साफ विसरला. वाईट म्हणजे तो ते खरोखरच साफ विसरला. आठवणीत ठेवून गप्प बसला असता तर निदान बदमाश तरी ठरला असता.

दिवाळीनंतर मोजणी सुरू झाली. आणि एका दुपारी कागदावर एक उंच रेघ आली, जिथे काही यायला नको होतं. १६५.७ला. शेजारी १५६ला तिची धाकटी बहीण. मितेश बघत राहिला. ऑक्सिजनच्या यादीत ही रेषा नव्हती. हवा गळत असेल म्हणावं तर नायट्रोजन दिसायला हवा, तो नव्हता. तेवढ्यात काळुरामचा रोजचा फोन आला.

"काय रं, दिसला काय?"

"पप्पा, आज एक भलतीच लाईन दिसलीय. ऑक्सिजनमध्ये अशी नसतेच."

"म्हनजे नवीन?"

"बघायला लागेल, पण..."

'पण' काळुरामपर्यंत पोचलं नाही. त्यांनी फोन ठेवला होता आणि कमलेशला लावला होता.

संध्याकाळी मॅडमनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि चहाचा घोटही न घेता म्हणाल्या, "कार्बन. या दोन्ही कार्बनच्या जुन्या रेषा आहेत. मितेश, तू फक्त ऑक्सिजनची यादी बघितलीस का?"

मितेशने मान हलवली. कानाच्या पाळ्या थोड्या गरम झाल्या, तेवढंच.

"ऑक्सिजनमध्ये कार्बन कुठून? पंपाचं तेल नाही, तो पंप कोरडा आहे. सिलिंडर बदलून बघा."

सिलिंडर बदलला. कार्बन तिथेच. नळ्या बदलल्या. कार्बन तिथेच, उलट जरा तब्येत सुधारलेली. मग मॅडमनी खोलीत नजर फिरवली आणि ती फिरत फिरत प्रीतमच्या डोक्यावर येऊन थांबली.

"तार बसवताना आत कोण वाकलं होतं?"

"मी," प्रीतम म्हणाला.

"टोपी घातली होतीस?"

"घातली होती, मॅडम. पण वाकताना ती..." त्याने हाताने टोपी घसरल्याचा अभिनय केला. स्वतःविरुद्ध इतका स्पष्ट पुरावा कुणी अभिनय करून देत नाही.

मॅडम खुर्चीतून उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याला मान खाली घालायला सांगून त्यांनी त्याच्या डोक्याचा वास घेतला. शास्त्रीय वास होता तो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"खोबरेल," त्या म्हणाल्या.

तो शब्द ऐकला आणि मितेशला डबी आठवली. डबीचं फिरकीचं झाकण आठवलं. अनामिकेला लागलेला तेलकट लाल डाग, तो त्याने जीन्सच्या मागच्या खिशाला पुसला होता, तेही आठवलं. तो दारापाशी उभा होता. तोंड उघडायला काहीच लागत नव्हतं. त्याने तोंड उघडलं. त्यातून आलं, "मॅडम, चहा गार झाला."

मॅडमनी सांगितलं, कारण सापडेपर्यंत प्रीतमने डब्याला हात लावायचा नाही. आवाज चढवला नाही. प्रीतमचा पूर्ण प्रबंध त्या डब्यात होता. तो घराच्या किल्ल्या काढून घेतल्यासारखा कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला, आणि घरी जाताना मितेशला म्हणाला, "सॉरी रे. माझ्यामुळे तुझंपण काम अडलं."

मितेश म्हणाला, "जाऊ दे." असं म्हणून त्याने प्रीतमला माफ केलं. हे त्याला नंतर रिक्षात आठवलं, आणि रिक्षावाल्याने विचारलं, दादा, बरं वाटत नाही का.

दोन दिवसांनी प्रीतम प्रयोगशाळेत आला तो पूर्ण टक्कल करून.

"मॅडम, आता तेलाचा संबंधच संपला," तो म्हणाला. "आता बघा मोजून."

मॅडमनी त्या डोक्याकडे बघितलं. "प्रीतम, तेल जर डब्यात पडलं असेल तर ते डब्यात आहे. तू केस कापून ते बाहेर कसं येईल?"

प्रीतमने विचार केला. त्याच्या टकलावरून तो विचार सरकताना दिसला. "हे आधी सांगायला हवं होतं, मॅडम."

"तू विचारलंस कुठे?"

तरी मोजणी केली. कार्बन होता तिथेच होता. केस वाया गेले. पण खरा घोळ कळव्याला झाला. प्रीतमच्या चाळीत, वडील धडधाकट असताना मुलगा मुंडण करून आलेला बघून शेजारी भेटायला येऊ लागले. कुणी साखर, कुणी चहापावडर. कुणी वडिलांनाच दारात विचारलं, "कधी झालं?" वडील म्हणाले, "अजून नाही." एक लांबची आत्या तर चिपळूणहून रडत आली, आणि ज्याच्यासाठी रडायचं तो माणूसच तिला पाणी द्यायला उठला तेव्हा तिला चक्कर आली. हे सगळं प्रीतमने डबा खाताना हसत हसत सांगितलं. मितेशही हसला. घास घशाखाली जात नव्हता, म्हणून तो बराच वेळ हसत राहिला.

त्याच आठवड्यात बॅनर लागला.

मितेशने आधी वडिलांना समजवायचा प्रयत्न केला. "पप्पा, ते नवीन नाहीय. कार्बन आहे."

"आता शोधलास ना? मंग नाव काय पन आसू दे."

"पण तो काढा बॅनर."

"तुझा मामा काल दोनदा खालून गेला," काळुराम म्हणाले. त्यांचा आवाज इतका समाधानी होता की पुढे बोलणं म्हणजे झोपलेल्या माणसाची उशी ओढणं. "आन रविवारी देवलाजवल सत्कार ठेवलाय. तुझे मॅडमला फोन केलाय मी. आन त्या दोस्ताला पन. येतो बोलले."

शनिवारी दुपारी मॅडमनी मितेशला सांगितलं, डबा उघडून आतून अ‍ॅसिटोनने पुसून काढ. प्रीतमला मनाई होती, म्हणून मितेश एकटाच. बोल्ट निघाले, झाकण वळलं, आणि टिकली होती. लाल राहिली नव्हती. कडेने तपकिरी पडलेली, मधे काळसर, भाजीच्या करपलेल्या फोडणीसारखी. इलेक्ट्रॉनांनी तिची पूजा रोज केली होती.

त्याने कापडावर अ‍ॅसिटोन घेतलं. एकदा हात फिरवला की संपलं. कार्बन जाईल, कुणाला काही कळणार नाही, मॅडम म्हणतील चला, केसांचंच तेल होतं. आणि प्रीतम आयुष्यभर टोपी दोनदा ओढून घालत राहील. मितेशचा हात टिकलीपासून वीतभर अंतरावर थांबला. तसाच तो उभा राहिला. अ‍ॅसिटोन उडून कापड कोरडं झालं. त्याने पुन्हा भिजवलं. ते पुन्हा कोरडं झालं. टिकली पुसण्याइतका तो नीच नव्हता आणि मॅडमना हाक मारण्याइतका धीट नव्हता. या दोन्हींच्या मधे जी जागा असते ती फार अरुंद असते, आणि तिथे अ‍ॅसिटोनचा वास येतो. शेवटी त्याने झाकण लावलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "मॅडम, दोन बोल्ट अडकलेत. सोमवारी बघू."

रविवारी सकाळी गावदेवीसमोर मांडव. बँजो पार्टी आलेली. मितेशच्या डोक्यावर फेटा, समोर खुर्च्या, पहिल्या रांगेत मॅडम, शाल आणि नारळ घेऊन, नारळ बाळासारखा मांडीवर. त्यांच्या शेजारी प्रीतम, सकाळच्या उन्हात टक्कल तळपतंय. गावातली माणसं त्याच्याकडे बघून आपोआप आवाज खाली घेत होती.

कमलेश माईकवर होता. "ज्या ऑक्सिजनवर आपण सगळे जगतो, त्याच्या आत घुसून आमच्या भावाने..."

आत घुसून. मितेशने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याला दिसलं, त्याची आई चहाचा ट्रे घेऊन पहिल्या रांगेपाशी पोचलीय आणि प्रीतमसमोर थांबलीय. माईकच्या मधल्या मधल्या खंडांत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाला, घरान कोन गेलं रं?"

"कोणी नाही काकी. केसच गेले."

"म्हनजे?"

"मशीनमध्ये तेल सापडलं. खोबरेल. म्हटलं माझ्याच डोक्याचं असणार."

कमलेश म्हणाला, "...गावाचं नाव थेट गुरू ग्रहापर्यंत..." आणि टाळ्या झाल्या. टाळ्यांमधून मितेशला ऐकू काही येत नव्हतं, दिसत होतं. आईने ट्रे एका हातावर घेतला. दुसऱ्या हाताची अनामिका पुढे केली. हवेत टिकली लावल्यासारखी केली.

मितेशने कमलेशच्या हातातून माईक ओढला.

"थांबा. तो उजेड नवीन नाही. कार्बनचा आहे. कार्बन तेलाचा. तेल कुंकवातलं. दसऱ्याला मी डब्यात कुंकू लावलं, आतून. प्रीतमचा काही संबंध नाही. मॅडम, बोल्ट पण अडकलेले नव्हते."

शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती, पण एकदा माईक हातात आला की माणूस वाहवतो.

पंखा फिरत होता. मग पुढच्या रांगेतून राघो आजा, गावातले सगळ्यात वयस्कर, काठीवर जोर देऊन उठले.

"म्हनजे मशीनीन जो उजेड परला, तो देवीचे कुंकवाचा परला?"

"हो आजा, पण ती चूक..."

"आन तो मशीनीला दिसला?"

"दिसला, पण..."

राघो आजांनी देवळाकडे बघून हात जोडले. त्यांच्या मागे सगळा मांडव हात जोडून उभा राहिला. कमलेशने माईक परत घेतला आणि जाहीर केलं की गावदेवीचा उजेड आज विज्ञानाने मान्य केला. बँजो पार्टीला हा इशारा वाटला. मितेशने दोन्ही हात हलवून नाही, नाही, असं केलं. लोकांना वाटलं, पोरगा नाचतोय. दोन काका येऊन त्याच्याबरोबर नाचू लागले.

तो खाली उतरला तेव्हा फेटा कानावर आला होता, आणि बरंच झालं, पाळ्या झाकल्या गेल्या. मालन त्याला म्हणाली, "आरं मी तेच सांगितला या पोराला. कुंकू मीच दिलेलं."

मितेशने प्रीतमकडे बघितलं.

"तू माईक घ्यायच्या आधीच बोललेल्या काकी," प्रीतम म्हणाला.

"मग तू काही बोलला नाहीस?"

"तू माईक घेतलास. म्हटलं, बघू तरी काय बोलतोस."

"मी बोलणारच होतो, प्रीतम. आधीपासून."

"हां," प्रीतम म्हणाला. नुसतं हां. मग त्याने चहा संपवला आणि कप ट्रेमध्ये नीट ठेवला.

मॅडम नारळ घेऊन उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "कुंकवाचं मला काही वाटत नाही, मितेश," त्या म्हणाल्या. "घाण सापडते, पुसता येते. पण मी त्या मुलाच्या डोक्याचा वास घेतला. दोन्ही बाजूंनी. आणि तू दारात उभा होतास." त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "आता मला रोज त्याच्याशी बोलायचंय. मला कसं वाटत असेल?"

मितेशने त्यांना रिक्षा आणून दिली. तेवढंच त्याला करता आलं. रिक्षा बॅनरखालून गेली.

सोमवारी डबा प्रीतमने उघडला. मितेशने बाहेर उभं राहायचं होतं, काचेपलीकडे. प्रीतमने हातमोजे घातले, टोपीची गरज नव्हती तरी टोपी घातली, कापड भिजवलं आणि टिकलीसमोर थबकला.

"मॅडम, नमस्कार करून पुसायचं की तसंच?"

मॅडमनी याच्यावर खरोखर विचार केला. "नमस्कार करून," त्या म्हणाल्या. "हातमोजे काढू नकोस."

डबा पुसला, तापवला, पुन्हा उपसला. डिसेंबरात कार्बनची रेघ गेली. कागदावर फक्त दोन रेषा उरल्या, एक तिथल्या तिथे ओरडणारी आणि एक उशिराची. प्रीतमची मोजणी सुरू झाली. मितेशला मॅडमनी महिनाभर नळ्या धुवायला लावल्या आणि त्याने त्या इतक्या धुतल्या की त्यातल्या एकीचा रंग गेला.

एक दिवस दोघं डबा खात असताना मितेश म्हणाला, "मी पण टक्कल करतो."

"नको. तुझ्या गावात त्याचीपण मिरवणूक निघेल."

"मग काय करू सांग. काहीही सांग. आज घरी गेल्या गेल्या तो बॅनर फाडतो."

प्रीतम चावत राहिला. त्याच्या डोक्यावर आता बारीक काळी लव आली होती, नुकत्याच पेरलेल्या वाफ्यासारखी. "बॅनर फाडायचा नाही," तो म्हणाला. "माझे केस पहिल्यासारखे येईपर्यंत तो राहिला पाहिजे."

"अरे पण..."

"मी तेलसुद्धा लावतोय. लवकर येतील." तो बॅनर बघायला एकदा मुद्दाम ठाकुर्लीला आला, खाली उभा राहून त्याने सिंहासकट फोटो काढला आणि कळव्याला आईला पाठवला. मग मितेशला म्हणाला, "सिंह चांगलाय."

तेव्हापासून मितेश रोज सकाळी त्या बॅनरखालून जातो आणि रोज संध्याकाळी त्याखालून येतो. रिक्षावाले विचारतात, काय शास्त्रज्ञ, आज कुठला उजेड? मामा गाडी थांबवून काच खाली करतो आणि सांगतो, भाच्या, ते शालेचं मी कधी बोललोच नव्हतो. उन्हाने रॉकेट फिकं झालं, सिंह पिवळ्याचा पांढरा झाला, पण मितेशचा चेहरा कमलेशने चांगल्या शाईत छापला होता. तो हलेना.

मग एका सकाळी पालिकेची बॅनर काढणारी गाडी आली. कामगार शिडीवर चढला आणि त्याने नारळाच्या बाजूची दोरी कापलीसुद्धा. अर्धा मितेश खाली लोंबला. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते समोर होत होतं, फुकट, सरकारी खर्चाने. मितेश रस्त्यात उभा राहिला. कामगार खांबाच्या बाजूच्या दोरीकडे वळला.

"साहेब, तो राहू द्या."

गाडीजवळच्या अधिकाऱ्याने वर बघितलं. "कोण तू?"

"तोच." त्याने अर्ध्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं.

अधिकाऱ्याने दोघांना ताडून बघितलं. "खांदे कुठायत?"

"नाहीत. साहेब, ही माझी शिक्षा आहे. एका माणसाचे केस येईपर्यंत हा इथे राहायचाय." आणि मग, अधिकारी हसत नाहीये हे बघून, त्याने भर रस्त्यात सगळं सांगितलं. डबा, टिकली, खोबरेल, चहा गार झाला, अ‍ॅसिटोन, माईक. यावेळी कुणी मागे लागलं नव्हतं, कुणाची आई ट्रे घेऊन येत नव्हती. शिडीवरचा कामगार ऐकायला दोन पायऱ्या खाली उतरला.

"किती आलेत?" अधिकाऱ्याने विचारलं.

मितेशने व्हिडिओ कॉल लावला. कळव्याच्या घरात प्रीतम दात घासत होता. त्याला सांगितलं, पालिकेला तुझं डोकं बघायचंय. प्रीतमने का, असं विचारलं नाही. त्याने ब्रश तोंडात धरला, मान खाली घातली आणि डोकं कॅमेऱ्यासमोर धरलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

अधिकाऱ्याने फोन हातात घेऊन ते नीट बघितलं.

"अजून भांग नाही पडत," तो म्हणाला. फोन परत दिला आणि कामगाराला खुणेने खाली बोलावलं. गाडी पुढच्या बॅनरकडे गेली.

मितेश शिडीशिवाय नारळावर जेवढं चढता येईल तेवढं चढला आणि सुटलेलं टोक त्याने पुन्हा बांधलं. घट्ट, दोन गाठी मारून.